थोरलीचा दाखला

कोर्टाचा माणूस आज दुपारी घरी येणार, हे आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं होतं. तरी दादाने नेमका आजचाच मुहूर्त धरून बॉयलर उघडला होता. चिमी लाँड्रीच्या मागच्या दाराने आत आली तेव्हा तो फरशीवर फतकल मारून पान्याने कसलासा नट आवळत होता आणि मान वर करून बघायलाही तयार नव्हता.

"आजच सुचलं का रे तुला हे?"

"गळतंय."

"दोन वर्षं गळतंय ते, दादा. खाली बादली ठेवून दोन वर्षं काढलीस तू."

"मग आज करतोय ना दुरुस्त. तुझ्या का पोटात दुखतंय?"

चिमीने कपाळावर हात मारून घेतला. शहर बसवर ड्रायव्हर म्हणून तिने आयुष्य काढलं होतं. दारात लोंबकळणारी पोरं, भर रस्त्यात हात दाखवणारे म्हातारे, चाकाखाली यायचा हट्ट धरणारे सायकलवाले, सगळ्यांना ती एका आवाजात सरळ करायची. हा एक भाऊ मात्र असा होता, की त्याच्यापुढे तिचा आवाज नुसता चढायचा, काम काही व्हायचं नाही.

"हात धू आणि वर ये. तुझीही सही लागेल कदाचित."

"जन्मायचंय तुला आणि सही माझी?"

खोचक बोलला, पण खोटं बोलला नाही. कोर्टात चिमीचं जे प्रकरण चाललं होतं ते कुणाच्या विरुद्ध नव्हतं. तिचा अर्ज इतकाच होता, की आपण जन्मलो आहोत हे सरकारने मान्य करावं.

तिच्या आधी या घरात एक मुलगी झाली होती. घरात तिचा विषय निघालाच तर 'थोरली' एवढंच म्हणायचे. दोन वर्षांची होऊन थोरली तापात गेली, तेव्हा चिमी आईच्या पोटात होती. थोरली गेल्याची नोंद कुणी केली नाही, चिमी आल्याचीही केली नाही, आणि शाळेत घालायची वेळ आली तेव्हा थोरलीचा जन्मदाखला काढून चिमीच्या नावे खपवला. मग काय, शाळा त्यावर, लायसन्स त्यावर, नोकरी त्यावर, लग्न त्यावर. कागदावर ती जवळपास अडीच वर्षांनी मोठी. शाळेत बाई म्हणायच्या, वयाच्या मानाने बुटकी आहे, वयाच्या मानाने कच्ची आहे. चिमीला वाटायचं, असेन बाई. घरात मात्र त्या दाखल्यावरच्या नावाने तिला कुणी एकदाही हाक मारली नाही.

हे तिला लग्नानंतर कळलं आणि बरीच वर्षं तिने चालवूनही घेतलं. पण गेल्या वर्षी डेपोच्या फळ्यावर निवृत्त होणाऱ्यांची नावं लागली, त्यात थोरलीचं नाव होतं. सोबतच्या ड्रायव्हरांनी केक आणला, हार घातला, फोटो काढला. हार गळ्यात घेऊन चिमी उभी राहिली आणि तिचं डोकंच फिरलं. निवृत्त थोरली होत होती. मग मी कोण आहे, आणि माझं काय? त्या प्रश्नाने तिची झोप उडवली ती उडवलीच. साहेबाकडे गेली तर तो म्हणाला, "बाई, निवृत्तीच्या वेळी सगळेच अडीच वर्षांनी लहान होतात." तिथून ती तडक वकीलबाईंकडे गेली होती.

"तुला नोकरी वाढवून हवी, एवढंच आहे ते," दादा पान्याशी बोलल्यासारखं बोलला. "त्यासाठी सगळ्या घराला कोर्टात उभं करतेस."

"नोकरी जाऊ दे रे खड्ड्यात! वकीलबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना? जन्मल्याची नोंद होणं, नाव मिळणं, कायद्यापुढे माणूस म्हणून उभं राहता येणं, हा प्रत्येकाचा हक्क आहे. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून लिहून ठेवलंय."

"जगातल्या सगळ्या देशांना आपल्या घरात काय करायचंय?"

"चाळीस वर्षं तू ही लाँड्री चालवतोस. कपडा आला की आधी त्यावर खुणेची चिठ्ठी. एका गिऱ्हाइकाचा सदरा कधी दुसऱ्याला गेला नाही, हे सांगत फिरतोस ना गावभर? आणि घरातली पोरगी बदलली, त्याचं काही नाही तुला!"

दादाने पाना खाली ठेवला. "जे बोलायचंय ते मला बोल. आईला छळू नकोस. ऐंशीच्या पुढची बाई आहे, खुबा मोडून पडलीय. तिला काय काय विचारणार तो माणूस, याचा विचार केलास?"

"तिनेच सांगायला पाहिजे. दुसरं कोण आहे सांगणारं? तुला विचारलं तर म्हणतोस, मी लहान होतो, मला काय ठाऊक."

"नाहीच ठाऊक," दादा म्हणाला आणि पुन्हा पाना उचलला.

चिमी पाय आपटत जिना चढून वर गेली.

वर वहिनीने आईच्या खोलीचा कायापालट केला होता. खिडकीतली औषधांची फौज कपाटात गेली होती, पलंगावर नवी चादर होती, आणि आईला उशांच्या आधाराने असं ताठ बसवलं होतं, की कुणी फोटोच काढायला येतंय. चिमीची लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. तीही अर्धा दिवस सुट्टी टाकून आली होती आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून फोनवर काहीतरी वाचत होती. चिमीचा नवरा मालगाडीवर गार्ड, तो ड्युटीवर होता. त्याने आधीच सांगून टाकलं होतं, "मी तुझ्याशी लग्न केलं, दाखल्याशी नाही. पण तुमच्या घरच्या भांडणात मला ओढू नका."

"चिमीताई, त्या माणसाला चहा द्यायचा की सरबत?" वहिनीने विचारलं. "कोर्टाच्या माणसाला काय देतात?"

"काहीही दे गं. विष सोडून."

"हे असं बोलता, मग हे खाली चिडतात आणि रात्री मला एकटीला जेवावं लागतं." वहिनीने कप पुसायला घेतले. "मला एक सांगा. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, नणंद एकच. आता दोन निघाल्या. आधी कळलं असतं तर मी विचार केला असता."

लेक खुदकन हसली, मग एकदम गंभीर झाली. "मम्मी, पण हे वाच. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव म्हणून मावशीचं नाव आहे."

"मग?"

"मग तू आज वेगळी झालीस की माझी आई कोण? कागदावर माझी आई मेलेली. तीही माझ्या जन्माच्या आधीच!"

"तुझी आई मी आहे!" चिमी ओरडली.

"मला माहितीये गं! पासपोर्टवाल्यांना कोण सांगणार? मला पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. तुझं हे सगळं सहा महिने पुढे नाही का ढकलता येणार?"

सकाळपर्यंत ही पोरगी तिच्या बाजूने होती. 'मम्मी, माघार घेऊ नकोस' म्हणून काल फोनवर अर्धा तास भाषण दिलं होतं तिने. आता पासपोर्ट आठवला आणि गेली दादाच्या गोटात. चिमीला वाटलं, पलंगावरची एक उशी घ्यावी आणि तोंडात कोंबून मनसोक्त किंचाळावं.

"लाव माझी वाट," ती म्हणाली. "लावा सगळे. मी पन्नास वर्षं कुणाच्या तरी नावाने जगले, तुझी मुलाखत होईस्तोवर आणखी जगते."

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलंस."

"मी काय म्हणते," वहिनी मध्ये पडली, "सासऱ्यांनी तेव्हा एक चक्कर मारली असती ऑफिसात, तर हा घोळ झाला नसता. पण नाही! नवा दाखला कशाला, घरात एक पडलाय की. किती चिक्कू असावं माणसाने!"

ही घरातली जुनी गोष्ट होती. लाँड्रीत वर्षभर पडून राहिलेला, कुणी न्यायला न आलेला कपडा बाबा टाकत नसत, घरात वापरायला काढत. दादा आणि चिमी परक्यांच्या सदऱ्यांत वाढली होती. चिमीला तर एकदा कुणा बँकवाल्याच्या कोटातून शाळेचा कोट निघाला होता. थोरलीचा दाखलाही बाबांनी त्याच हिशेबाने काढला, असं सगळे सांगायचे. चार माणसं जमली की दादा बाबांची नक्कल करून ती गोष्ट रंगवायचा आणि बाबाही त्यावर हसायचे. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

"पुरे," आई म्हणाली.

आई सकाळपासून पहिल्यांदा बोलली होती. तिघीही तिच्याकडे वळल्या.

"त्या माणसाला परत पाठवा. मी काही सांगणार नाही."

"झालं!" चिमी धपकन खुर्चीत बसली. "अगं आई, महिनाभर मी तुला विचारतेय. माझी तारीख सांग, वार सांग. तू म्हणालीस, तो साहेब आला की त्यालाच सांगेन. आता साहेब रस्त्यात असेल, आणि तू म्हणतेस परत पाठवा?"

"तुम्हाला काय, एक सही हवी. मी सही केली की ती मेली."

"ती कधीच गेलीय, आई."

"तुमच्यासाठी." आईने हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली. "कागदावर आहे ना ती? शाळेत गेली, पास झाली. मोठी गाडी चालवायला शिकली. चांगल्या घरात पडली. तिला मुलगी झाली. सगळं लिहिलेलं आहे सरकारात. ते मी माझ्या हाताने खोडू?"

चिमीचा आवाज खाली बॉयलरपर्यंत गेला.

"ते सगळं मी केलं, आई! शाळेत मी गेले! गणितात नापास झाले तीसुद्धा मीच! पहिल्यांदा डेपोत गेले तेव्हा तिथल्या बाप्यांनी माझी टर उडवली, तिची नाही. ही कार्टी बाहेर यायला दीड दिवस घेत होती तेव्हा कळा मला येत होत्या! तू ते सगळं नेऊन तिच्या पदरात घातलंस आणि मला काय ठेवलंस?"

"आजीवर ओरडू नकोस, मम्मी," लेक म्हणाली, पण उठून चिमीच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, पण मम्मीचं बरोबर आहे. माझ्या मुलाखतीचं मी बघेन."

आई खिडकीकडे तोंड करून बसली. तेवढ्यात खाली बेल वाजली.

कोर्टाने नेमलेले गृहस्थ सर्दीने बेजार होते. जिना चढताना तीनदा थांबले, वर आल्यावर आधी रुमाल काढला, मग चष्मा, मग कागद. त्यांच्यासोबत वकीलबाई होत्या. मागोमाग दादाही आला, हात न धुताच, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

"आजींना चालता येत नाही म्हणून कोर्टाने मला पाठवलंय," गृहस्थ म्हणाले. "मी विचारीन, आजी सांगतील, मी लिहीन. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. घरातले लोक फार मध्ये बोलतात, असा माझा अनुभव आहे."

"आम्ही नाही बोलत," वहिनी म्हणाली.

"हे तुम्ही बोललात. आजी, तुम्हाला मुलं किती?"

आईने त्यांच्याकडे बघितलं. चिमीने खुर्चीची कड घट्ट धरली. 'एक मुलगा, एक मुलगी' हे उत्तर आईने आयुष्यभर शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, जनगणनेवाल्यांना दिलेलं चिमीने ऐकलं होतं. तेच आता आलं तर सगळं संपलं.

"झालेली विचारता, की असलेली?"

"झालेली."

गृहस्थांनी नाक पुसलं.

"तीन," आई म्हणाली. "हा दारातला. मग थोरली. मग ही."

"थोरली हयात आहे?"

"नाही."

इतकंच. चिमीला वाटलं होतं, हा शब्द निघाला की आई कोसळेल. आई कोसळली नाही. थोरली कधी गेली असं विचारल्यावर तिने तारीख, महिना, वर्ष न अडखळता सांगितलं. म्हणाली, सोमवार होता, सोमवारी हॉटेलच्या चादरी धुवायला यायच्या, त्या दिवशी त्या तशाच भिजत राहिल्या आणि पिवळ्या पडल्या. पोरगी माझ्या मांडीवर होती. गृहस्थ भराभर लिहीत गेले.

"मृत्यूची नोंद का केली नाही?"

"त्याचं असं आहे," दादा चटकन म्हणाला, "आमचे वडील जरा हात राखूनच..."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "त्यांच्यावर ढकलू नकोस. सगळ्यांनी मिळून आयुष्यभर ढकललं आणि मी ऐकून घेतलं."

"आई, राहू दे ना."

"नाही राहू देत." ती गृहस्थांकडे वळली. "ते निघाले होते नोंद करायला. दोनदा निघाले. मी दारात आडवी पडले. म्हटलं, तिचं नाव खोडून आलात तर या घरात पाय ठेवायचा नाही. ही झाली तेव्हा पुन्हा निघाले. मी म्हटलं, दुसरी कोण? मला एकच मुलगी आहे आणि तिचा दाखला आहे. काय करतील? शाळेच्या वेळी तोच नेला. लोकांनी विचारलं तर म्हणायचे, पडलाच होता, वापरला. ती गोष्ट त्यांनीच रचली. लोक त्यांना चिक्कू म्हणायचे, ते हसायचे. मला कुणी काही विचारू नये म्हणून."

वहिनीने तोंडावर हात ठेवला. चिमीला बाबा आठवले, दादा नक्कल करायचा तेव्हा सगळ्यांत आधी हसणारे. तिला त्यांचा राग आला, आईचा आला, आणि तो कुणावर काढावा हे काही कळेना. इतकी वर्षं ती एका कंजूष माणसाशी मनातल्या मनात भांडत आली होती आणि तो माणूस कंजूष नव्हताच.

"बरं," गृहस्थ म्हणाले. "आता धाकटी. अर्जात नाव चिमी असं दिलंय. हेच नाव?"

"हेच," चिमी म्हणाली. वकीलबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं.

"आजी, हिची जन्मतारीख?"

आईने रुमालाची घडी पुन्हा मोडली.

"आजी?"

"मला आठवत नाही."

"महिना?"

"नाही आठवत."

चिमी उठून उभी राहिली. "आई, काहीतरी सांग. थंडी होती की ऊन होतं? सकाळ होती की संध्याकाळ?"

"नाही आठवत गं मला. मी तेव्हा उठत नव्हते, जेवत नव्हते. ती गेली त्याच्यानंतरचं सगळं वर्ष मला दिसतच नाही. मला वाटलं होतं, साहेब समोर बसले की आठवेल." आईने रुमाल मुठीत आवळला. "वाढदिवस आपण तिच्याच तारखेला करायचो."

गृहस्थांनी पेनला टोपण लावलं. "तारखेशिवाय हा अर्ज टिकायचा नाही."

"अंदाजे चालेल का?" वकीलबाईंनी विचारलं.

"अंदाजे कुणी जन्मत नाही, बाई."

"असू दे!" चिमी म्हणाली. "नको मला. काही नको. तिचा वार आठवतो, तिच्या दिवशीच्या चादरी आठवतात, आणि माझा महिनासुद्धा नाही? मी म्हणजे काय आहे गं, आई? तू मला जन्म दिलास ना? मग तेव्हा होतीस कुठे?"

लेकीने तिचा हात धरला, तिने तो झटकून टाकला.

दाराजवळून दादाने एक तारीख सांगितली. तारीख, महिना, वर्ष. मग म्हणाला, "दुपारी. जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद होतं तेव्हा."

गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी होतो तिथे."

"तू लहान होतास, तुला काय ठाऊक?" चिमीने त्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकले.

"आठ वर्षांचा होतो. लहानच होतो." दादा कुणाकडेच बघत नव्हता, हाताला लागलेलं काळं पँटीला पुसत होता. "बाबांनी मला खालून वर बोलावलं. सुईण आलेली होती, तिला दुसऱ्या घरी जायची घाई होती. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणत होती, दाखवू नका मला. मला नको, घेऊन जा." तो थांबला. "बाबा पाण्याच्या मागे धावत होते. मग त्या सुईणीने माझ्याच हातात दिली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. गिऱ्हाइकाचा अभ्रा होता, नुकती इस्त्री झालेला. मी तिला घेऊन जिन्यात बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो. चिमणीएवढी होती. काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, मग मीच म्हटलं चिमी."



"आणि हे तू आज सांगतोस?" चिमीला धड ओरडताही येईना. "मी तारखेसाठी दवाखाने पालथे घातले, दादा. त्या सुईणीच्या नातसुनेपर्यंत जाऊन आले. तुझ्यासमोर बसून रडले मी!"

"तारीख सांगितली असती तर तू विचारलं असतंस, कशावरून. मग बाकीचं सांगावं लागलं असतं." दादाने पलंगाकडे बघितलं. "तिच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. मला नव्हतं सांगायचं. आताही नव्हतं."

"मी असं म्हटलं?" आईने विचारलं. "नको म्हटलं?"

"तू आजारी होतीस, आई."

"म्हटलं का, ते सांग."

"हो."

आईने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली.

गृहस्थांनी पेनचं टोपण काढलं आणि दादाचं सांगणं वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं. मग आईला विचारलं, ही तारीख तुम्हाला मान्य आहे का. ती म्हणाली, त्याला आठवतं तर खरंच असेल, तो खोटं बोलत नाही. वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. गृहस्थांनी सर्दीच्या आवाजात सगळा जबाब वाचून दाखवला. मला एकूण तीन अपत्ये झाली. पैकी थोरली मुलगी मयत. धाकटी मुलगी चिमी हयात असून आज माझ्यासमोर हजर आहे. मग त्यांनी पुठ्ठ्यावर कागद ठेवून तो आईच्या मांडीवर ठेवला, तिच्या हातात पेन दिलं आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं.

आईने पेन धरलं. धरून तशीच बसली.

"करा, आई," वहिनी हळूच म्हणाली.

"थांब. चिमे, इकडे ये."

"मी इथेच आहे."

"जवळ ये. बघू दे मला."

"आता काय बघतेस?" चिमी वैतागली. म्हणजे वैतागूनच म्हणायचं होतं तिला, पण आवाज मध्येच फुटला. "पन्नास वर्षं समोर फिरतेय मी तुझ्या. सही कर, ते गृहस्थ थांबलेत."

"थांबू देत."

चिमी पलंगाच्या कडेवर बसली. आईने पेन चादरीवर ठेवलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने जेमतेम दिसायचं, म्हणून तिने चिमीची हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. कपाळावरचे पांढरे झालेले केस मागे सारले. एक कान बघितला, मग दुसरा. भुवईवरून अंगठा फिरवला. चिमीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. आईने मान जरा मागे घेतली, पुन्हा पुढे आणली आणि दारातल्या दादाला म्हणाली,

"नाक तुझ्या बाबांवर गेलंय रे हिचं."